दोन हातांचा कार्बन आणि कॉलेजातल्या रिकाम्या खुर्च्या

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री निवांत वाचा. पण वाचा.

गेल्या आठवड्यात आपल्या इथल्या कॉलेजची बीएस्सीची मुलं एक निवेदन घेऊन आली होती. रसायनशास्त्र विभागात कायम प्राध्यापक एकच उरलेत. बाकीचे तासिका तत्त्वावर, आणि त्यांच्या नेमणुका होईपर्यंत अर्धं सत्र संपलेलं असतं. काही प्रात्यक्षिकं तर मोबाइलवर व्हिडिओ बघून ‘पूर्ण’ होतात. मी बातमी केली. केली म्हणजे काय, आतल्या पानावर सहा ओळींत उरकली. तीच इथे शेअर केली तर खाली पहिली कमेंट आली, "केमिस्ट्री शिकून उपयोग काय? शेवटी एमआयडीसीत बारा तासांची पाळीच ना?" तिला भरपूर लाईक पडले. खरं सांगायचं तर उत्तर मलाही सुचलं नाही.

रात्री सरांचा फोन आला. सर म्हणजे मला अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणारे आमचे सर, आता निवृत्त. म्हणाले, "कमेंट वाचली मी. उद्या संध्याकाळी ये घरी. एक गोष्ट सांगतो, मग ठरव उपयोग काय ते."

पुढे लिहिलंय ते सरांच्या ओटीवर बसून ऐकलेलं, आणि त्यानंतर चार रात्री जागून मी स्वतः वाचून पडताळलेलं. गोष्ट आहे एका अशा कार्बनची, जो असूच शकत नाही असं मोठमोठ्यांनी सांगितलं होतं.

चार हातांचा नियम

दहावीला आपण सगळ्यांनी पाठ केलंय. कार्बनची संयुजा चार. म्हणजे कार्बनच्या अणूला चार हात असतात आणि चारही हात कुणाला ना कुणाला धरून असतात. डिझेल, साखर, प्लास्टिक, आपलं शरीर, सगळी याच चार हातांची करामत.

पण हा नियम माहीत होण्याआधीच, १८३५ साली, फ्रान्समध्ये झाँ-बाप्तिस्त द्युमा या रसायनशास्त्रज्ञाने एक साधा विचार केला. मिथेनॉलच्या रेणूतून पाणी काढून घेतलं तर काय उरेल? कागदावर हिशोब सोपा आहे. उरेल एक कार्बन आणि दोन हायड्रोजन. म्हणजे दोनच हात गुंतलेला कार्बन. त्याने पाणी शोषून घेणारी जालीम रसायनं वापरून पाहिली. हाती काही लागलं नाही.

पुढे १८५८ मध्ये केकुले आणि कूपर यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, कार्बनचे चार हात मांडले आणि कार्बनी रसायनशास्त्राला पाया मिळाला. पाया मिळाला की त्याच्या भिंती होतात, आणि भिंतीपलीकडे बघायची सवय मोडते. १८९० च्या दशकात शिकागोचा जॉन उल्रिक नेफ सांगत होता की काही संयुगांमध्ये कार्बन दोनच हातांनी वावरतो. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. १९०० मध्ये मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्गने तीन हात गुंतलेला कार्बन दाखवून दिला, तेव्हाही आधी संशयच घेतला गेला.

या दोन हातांच्या कार्बनला आज ‘कार्बीन’ म्हणतात. त्याचे दोन हात गुंतलेले असतात, आणि उरलेले दोन इलेक्ट्रॉन कुणालाही न दिलेले, तसेच सुटे. त्यामुळे तो भयंकर उतावळा. समोर जे येईल त्याला चिकटतो. निमिषभर जन्माला येतो आणि संपतो. नावाची गोष्टही मजेशीर आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डोअरिंग, विन्स्टाइन आणि वुडवर्ड हे तिघे दिग्गज रात्री शिकागोत टॅक्सीने चालले होते, तिथे गप्पांत हे नाव ठरलं म्हणतात. आमच्या धंद्यात चांगले मथळे असेच सुचतात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये नाही.

तांदळाच्या कोंड्यात लपलेला

इथे सर थांबले आणि म्हणाले, "हातसडीचा तांदूळ आठवतो का तुला?"

आठवतो ना. आमची आजी गिरणीच्या पांढऱ्याशुभ्र तांदळाला नावं ठेवायची. तिला रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण तिचं म्हणणं बरोबर होतं. १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमन या डच डॉक्टरला दिसलं की सडून पांढरा केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा खाऊ घातला की त्या बऱ्या होतात. माणसांतल्या बेरीबेरीचा धागा तिथून सापडला. कोंड्यात जे होतं ते जीवनसत्त्व बी-१, म्हणजे थायमिन. आइकमनला १९२९ मध्ये नोबेल मिळालं.

पण हे थायमिन शरीरात नेमकं करतं काय? १९५८ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या रोनाल्ड ब्रेस्लो यांनी धाडसी उत्तर दिलं. थायमिनच्या रेणूत नायट्रोजन आणि गंधक यांच्यामध्ये बसलेला एक कार्बन आहे. तो आपला हायड्रोजन सोडतो आणि क्षणभर कार्बीनसारखा वागतो. त्या क्षणात तो अन्नातून तयार झालेल्या पदार्थांमधला एक घट्ट बंध तोडायला मदत करतो.

म्हणजे बघा. प्रयोगशाळेत कुणालाही हाताशी धरता येत नव्हता तो कार्बीन, ब्रेस्लोंच्या म्हणण्यानुसार, आपल्या प्रत्येकाच्या पेशीत रोज राबत होता. शरीरात तर सगळीकडे पाणी, आणि पाणी म्हणजे कार्बीनचा काळ. मग हे घडतं कसं? प्रश्न तसाच राहिला. त्याचं उत्तर शेवटी येईल, लक्षात ठेवा.

बर्लिनचा वान्झलिक

मला या गोष्टीतलं सगळ्यात जवळचं पात्र वाटलं ते बर्लिनचे हान्स-वेर्नर वान्झलिक. १९६० च्या सुमारास त्यांनी ओळखलं की कार्बीनच्या दोन्ही बाजूंना नायट्रोजन बसवला तर तो स्थिर होईल. कारण नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनची श्रीमंती असते. तो आपले थोडे इलेक्ट्रॉन सरकवून कार्बीनची भूक भागवतो. कल्पना शंभर टक्के बरोबर होती. पण प्रयोगात प्रत्येक वेळी दोन कार्बीन एकमेकांनाच मिठी मारायचे आणि हाती यायची ती जोडी.

१९६८ मध्ये त्यांनी निदान एवढं केलं, की तो कार्बीन पाऱ्याच्या अणूला बांधून दाखवला. त्याच वर्षी म्युनिकमध्ये कार्ल ओफेलेने, स्वतंत्रपणे, तसाच कार्बीन क्रोमियमला बांधला. धातूला बांधलेला असला की हा उतावळा शांत बसतो, हे सिद्ध झालं. आणि १९७० मध्ये वान्झलिक यांनी एका क्षारावर जोरदार अल्कली टाकून द्रावणात मोकळा कार्बीन तयारही केला. दुसऱ्या रसायनाशी गाठ घालून त्याची खूणही पटवली. फक्त तो वेगळा काढून बाटलीत भरला नाही.

पुढची जवळजवळ वीस वर्षं या वाटेवर फारसं कुणी फिरकलं नाही.

१९८८ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला गी बेर्त्राँ यांच्या गटाने एका बाजूला फॉस्फरस आणि एका बाजूला सिलिकॉन असलेला कार्बीन बनवला. लाल रंगाचं तेल, चक्क ऊर्ध्वपातन करून शुद्ध करता येणारं. मग १९९१ मध्ये अमेरिकेत ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत अँथनी आर्डुएन्गो यांनी वान्झलिकच्याच वाटेने जाऊन, नायट्रोजनवर दोन भलेमोठे गट बसवून, कार्बीनचे रंगहीन स्फटिक वेगळे काढले. हवा आणि ओल यांपासून दूर ठेवलं की ते नुसते टिकत नव्हते, तर सुमारे २४० अंश सेल्सिअसला न बिघडता वितळत होते. द्युमाच्या प्रयत्नापासून १५६ वर्षं झाली होती.

सगळ्यात चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. १९९८ मध्ये आर्डुएन्गोंच्या गटाने वान्झलिक यांचा तो १९७० चा कार्बीनच बाटलीत काढून दाखवला. म्हणजे तो टिकाऊ होता. वान्झलिक यांच्या काचेच्या भांड्यात तो तयार झालेला होता. एकच पाऊल बाकी राहिलं होतं. चूक हातांची नव्हती. ‘हे टिकणारच नाही’ ही समजूत इतकी पक्की होती की पुढचं पाऊल टाकून बघायचं राहून गेलं.

सर म्हणाले, "प्रयोगवहीत ‘निष्पन्न काही नाही’ लिहिलेल्या पानांवरच पुढच्यांनी पाय ठेवलाय. ती वही फाडली असती तर?"

टेकू देणारा

आता जरा धातूंकडे येऊ.

औषधं, रंग, प्लास्टिक बनवणाऱ्या कारखान्यांत बऱ्याच क्रिया धातूच्या अणूवर होतात. पॅलेडियम, प्लॅटिनम, ऱ्होडियम, रुथेनियम. हे उत्प्रेरक. स्वतः न संपता क्रिया घडवून आणणारे. पण हा धातू एकटा नसतो. त्याला चारी बाजूंनी काही रेणू धरून असतात. त्यांना लिगंड म्हणतात. धातू आणि लिगंड मिळून जे बनतं ते संकुल. लिगंड धातूला विरघळवतो, आकार देतो, नको त्या भानगडींपासून वाचवतो. पूर्वी हे काम मुख्यतः फॉस्फरसचे लिगंड करायचे. मग कार्बीन आले आणि कळलं की हे धातूला जास्त घट्ट धरतात.

याचं प्रसिद्ध उदाहरण १९९९ चं. रॉबर्ट ग्रब्ज यांच्या रुथेनियमच्या उत्प्रेरकात फॉस्फरसचा एक लिगंड काढून तिथे नायट्रोजनवाला कार्बीन बसवला आणि उत्प्रेरक कितीतरी पट तडफदार झाला. ही क्रिया म्हणजे फुगडीसारखी. दोन जोड्या येतात, हात सोडतात, जोडीदार बदलून निघून जातात. गंमत अशी की त्या एकाच संकुलात दोन कार्बीन आहेत. एक फुगडीत स्वतः उतरतो, दुसरा बाजूला राहून धातूला टेकू देतो. २००५ चं नोबेल शोव्हाँ, ग्रब्ज आणि श्रॉक यांना या जोडीदार बदलण्याच्या क्रियेसाठीच मिळालं.

त्या टेकू देणाऱ्याला रसायनशास्त्रात ‘बघ्या’ म्हणायची पद्धत आहे. स्वतः काही न करता उभा असलेला. आणि इथेच माझे कान टवकारले.

निर्दोष की संशयित?

मी अठरा वर्षं क्राइम बीट केलंय. घटनास्थळी गर्दी असते. पोलिस पंचनाम्यात एकाला आरोपी करतात, बाकी सगळे बघे. पुढे तपासात कधीकधी कळतं की कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा असलेलाच व्यवहाराच्या मुळाशी होता.

रसायनशास्त्रातही हुबेहूब असंच झालं. संकुलात धातूवर नेमके किती इलेक्ट्रॉन कमी आहेत, याचा एक हिशोबी आकडा असतो, ऑक्सिडीकरण अंक. तो काढताना गृहीत धरलेलं असतं की लिगंडच्या खात्यात काही फेरफार होत नाही. १९६० च्या दशकात गंधकवाल्या काही लिगंडांची निकेलशी बांधलेली संकुलं आली आणि हा हिशोब जुळेना. इलेक्ट्रॉन धातूने दिला की लिगंडने, सांगताच येईना. १९६६ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ यॉर्गेनसेन यांनी चक्क कोर्टकचेरीची भाषा वापरली. ज्या लिगंडमुळे धातूचा हिशोब सरळ लागतो तो निर्दोष, आणि ज्याच्यामुळे लागत नाही तो निर्दोष म्हणता येणार नाही असा, संशयित. हे शब्द आजही शोधनिबंधांत राजरोस वापरले जातात.

अशा संशयित लिगंडांना आता रेडॉक्स-सक्रिय म्हणतात. रेडॉक्स म्हणजे ऑक्सिडीकरण आणि क्षपण, इलेक्ट्रॉनची देवघेव. सोप्या भाषेत, हा लिगंड म्हणजे गल्लीतली पतपेढी. धातूला क्रिया करताना इलेक्ट्रॉन लागले तर हा हातउसने देतो, जास्त झाले तर ठेव म्हणून ठेवून घेतो.

कार्बीनला हे काम शिकवायचं कसं? एक मार्ग म्हणजे त्याच्या पाठीवर इलेक्ट्रॉन देणारा-घेणारा गट बांधायचा. असा एक गट म्हणजे क्विनोन. आता हे नाव परकं वाटेल, पण माझ्या वयाच्या पत्रकारांनी त्याच्या भावंडात हात बुडवलेले आहेत. आमच्या डिप्लोमाच्या वेळी फोटो डार्करूममध्ये धुवावे लागत. डेव्हलपरमध्ये हायड्रोक्विनोन असायचं. प्रकाश पडलेल्या चांदीच्या कणांना ते इलेक्ट्रॉन द्यायचं, तिथे काळी चांदी उमटायची, आणि हायड्रोक्विनोनचं स्वतःचं रूपांतर क्विनोनकडे व्हायचं. लाल दिव्याखाली कागदावर हळूहळू चेहरा उमटायचा, ती सगळी इलेक्ट्रॉनची देवघेव. वीस-बावीस वर्षांनी सरांच्या ओटीवर मला त्याचं कारण कळलं.

अमेरिकेत टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये क्रिस्टोफर बियेलाव्स्की यांच्या गटाने हे क्विनोन कार्बीनच्या पाठीला जोडलं, आणि तो कार्बीन निकेलला बांधला. हे निकेल दोन कार्बनी तुकडे एकमेकांना जोडण्याचं काम करत होतं. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं की चालू क्रियेत इलेक्ट्रॉन देणारं रसायन टाकलं की क्विनोन ते पकडतो आणि निकेलचं काम जवळजवळ थांबतं. मग इलेक्ट्रॉन काढून घेणारं रसायन टाकलं की काम परत सुरू. लिगंडच्या पाठीवर चक्क बटण. ही कल्पना कार्बीनच्या आधीची आहे. १९९५ मध्ये राइटन यांच्या गटाने फॉस्फरसवाल्या लिगंडात कोबाल्ट बसवून ऱ्होडियमचा वेग असाच कमी-जास्त केला होता. म्हणजे प्रत्येक जण आधीच्याच्या खांद्यावर.

दुसरा मार्ग बेर्त्राँ यांनी काढला. ते तोवर कॅलिफोर्नियात आले होते. २००५ मध्ये त्यांच्या गटाने कार्बीनच्या शेजारच्या दोन नायट्रोजनपैकी एक काढून तिथे कार्बन बसवला. इलेक्ट्रॉन पुरवणारा एक शेजारी कमी झाला. त्यामुळे हा नवा कार्बीन धातूला इलेक्ट्रॉन देतोही जोरात, आणि उलट धातूकडून घेतोही. याच्या पाठीवर वेगळी पेढी लागत नाही, तो स्वतःच पेढी.

मग काय काय झालं बघा. २०१३ मध्ये जर्मनीत ग्योटिंगनला रोएस्की यांच्या गटाने, ज्यात भारतीय संशोधकांचा मोठा वाटा होता, असे दोन कार्बीन जस्ताच्या एका अणूला बांधले. जस्त म्हणजे आपल्या पत्र्यावरचं, अगदी सरळमार्गी. पण हे संकुल निघालं गडद निळं. तिथले इलेक्ट्रॉन फक्त जस्ताच्या खात्यावर टाकताच येईनात. कार्बीनच्या कार्बनांचा त्यात मोठा हिस्सा होता. आणि २०१४ मध्ये बेर्त्राँ आणि जोनास पीटर्स यांच्या गटांनी असेच दोन कार्बीन लोखंडाला बांधले. ते लोखंड उणे ९५ अंशांना हवेतल्या नायट्रोजनपासून थोडासा अमोनिया बनवू शकलं.

आता अमोनिया म्हणजे युरिया, आणि युरिया म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. खत दुकानासमोरच्या रांगांच्या बातम्या मी दर वर्षी करतो. आज तो अमोनिया ४०० ते ५०० अंशांना, प्रचंड दाबाखाली बनतो.

उगाच आशा नको

थांबा. उद्यापासून थंडगार लोखंडातून युरिया निघणार, असं मी म्हणत नाहीये. व्हॉट्सअॅपवर तसं फिरवूही नका. त्या प्रयोगात लोखंडाच्या एका अणूमागे अमोनियाचे मोजकेच रेणू मिळाले, आणि त्यासाठी महागडी, झपाट्याने पेट घेणारी रसायनं लागली. यातली बरीचशी संकुलं हवा लागली की बिघडतात. कारखान्यात जायला अजून लांबचा पल्ला आहे.

पण ओढ कशाची आहे ते समजून घ्या. पॅलेडियम, प्लॅटिनम हे धातू महाग, दुर्मिळ, आणि त्यांचा मोठा पुरवठा रशिया आणि दक्षिण आफ्रिका या दोन देशांतून येतो. लोखंड, निकेल, तांबं मुबलक आहेत. अडचण अशी की महागडे धातू दोन-दोन इलेक्ट्रॉनचा व्यवहार सहज करतात, स्वस्त धातू बऱ्याचदा एकेकावर अडतात. तिथे सोबतचा लिगंड हातउसने द्यायला तयार असेल तर साध्या लोखंडाकडूनही भारी काम करून घेता येईल. सगळी धडपड यासाठी आहे. आपल्या एमआयडीसीतल्या औषधी कारखान्यांत ज्या प्रकारच्या क्रिया चालतात, त्यांचं उद्याचं गणित यावर बदलू शकतं. नदीत काय सोडलं जातं याचंही.

आणि हे सगळं परदेशातच चालतं असं नाही. पुण्यात, पाषाण रस्त्यावर, १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी आहे. तिथे ए. टी. बिजू यांच्या गटाने २०११ पासून काही वर्षं, धातू न वापरता कार्बीनलाच उत्प्रेरक करून बरंच काम केलं. पुढे ते बंगळुरूला गेले. मुंबईत पवईच्या आयआयटीत प्रसेनजित घोष यांच्या गटाने कार्बीन आणि धातूंच्या संकुलांवर काम केलंय. आपल्या स्टँडवरून सकाळी सुटणाऱ्या एसटीने जाता येईल इतक्या अंतरावर हे विज्ञान घडत होतं, आणि मी इतकी वर्षं पत्रकार असून मला पत्ता नव्हता.

राहिलेलं उत्तर

तांदळाच्या कोंड्याचा प्रश्न लक्षात आहे ना? पाण्याने भरलेल्या शरीरात कार्बीन टिकतो कसा?

२०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला व्हिन्सेंट लाव्हालो यांच्या गटाने असा कार्बीन बनवला जो पाण्यात महिनोन्महिने टिकतो. त्याच्याभोवती त्यांनी बोरॉन, कार्बन आणि क्लोरीनच्या अवजड गटांचं चिलखत घातलं, पाणी आतपर्यंत पोहोचू नये म्हणून. शरीरात असाच आडोसा थायमिनला प्रथिनांच्या खोबणीत मिळत असणार. ब्रेस्लोंनी १९५८ मध्ये मांडलेली कल्पना अशक्य नव्हती, हे ६७ वर्षांनी दिसलं. ब्रेस्लो २०१७ मध्येच गेले. त्यांना हे बघायला मिळालं नाही. आणि हेच लाव्हालो २००५ मध्ये बेर्त्राँ यांच्याकडे विद्यार्थी होते. त्या नव्या कार्बीनच्या निबंधावर पहिलं नाव त्यांचंच आहे.

एका गुरूच्या प्रयोगशाळेत एक विद्यार्थी उभा राहिला, वीस वर्षांनी त्याने स्वतःच्या प्रयोगशाळेत दुसऱ्याच कुणाचा जुना प्रश्न सोडवला. शिकवणारा माणूस जागेवर होता, म्हणून हे झालं.

सर मला सोडायला फाटकापर्यंत आले. मी विचारलं, "सर, तुम्ही हे सगळं आम्हाला तेव्हा का नाही शिकवलंत?"

ते म्हणाले, "अरे, तुम्हाला शिकवत होतो तेव्हा आर्डुएन्गोचे स्फटिक निघून काही वर्षं झाली होती. मला कुठे माहीत? मी दोनदा रिफ्रेशर कोर्सला अर्ज केला, रजा मंजूर झाली नाही. वर्गावर दुसरा माणूस नव्हता. मी तुम्हाला छातीठोकपणे सांगत होतो, कार्बनला चारच हात." थोडं थांबून म्हणाले, "चुकीचं नाही शिकवलं. पण अपुरं शिकवलं. ते मला लागतं."

मंडळी, त्या कमेंटला माझं उत्तर एवढंच. १८३५ मध्ये द्युमाला कुणी ‘उपयोग काय’ विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं. वान्झलिक यांनाही नाही. उपयोग दिसेपर्यंत कुणीतरी फळ्यासमोर आणि भांड्यांसमोर उभं राहावं लागतं. पगारावर, कायम, दिवाळीआधी. धातूचं नाव सगळे घेतात, टेकू देणाऱ्याला बघ्या म्हणतात. आपल्या गावात ते टेकू एकेक करून काढले जातायत, आणि मी त्याची बातमी सहा ओळींत उरकली. ती चूक माझी.

सोमवारी ती बातमी पुन्हा करतोय, पूर्ण. मंजूर पदं किती, भरलेली किती, कधीपासून रिकामी, तासिकेचा मोबदला किती महिन्यांनी मिळतो, हे सगळं कागदासह. माहिती अधिकाराचा अर्ज काल टाकलाय. त्या विभागात तुम्ही शिकला असाल, शिकवत असाल किंवा तुमची मुलं आज शिकत असतील, तर मला इनबॉक्समध्ये लिहा. नाव छापणार नाही. प्रयोगशाळेचे फोटो असतील तर तेही पाठवा.

आणि ती कमेंट करणाऱ्या दादांना सरांचा निरोप आहे. रविवारी संध्याकाळी ओटीवर या म्हणालेत. चहा आहे, फळाही आहे.